सहाच्या आत ग्लासात

महाराष्ट्रात अठरा वर्षं पूर्ण झाली की माणसाला आमदार निवडता येतो. बिअर निवडायला मात्र एकवीस लागतात. एकविसाव्या वर्षी बिअरबरोबर नगरसेवकपदाचीही सोय होते. पंचविसाव्या वर्षी आमदारकीला उभं राहता येतं, आणि व्हिस्की-रमची परवानगीही नेमकी त्याच वर्षी मिळते. ही शिडी कुणी मुद्दाम बसून आखली नसणार, पण आखली असती तरी इतकी चोख जमली नसती. महापालिकेचा कारभार बिअरवर निभावतो, विधानसभेला कडक लागतं, असाच तिचा सरळ अर्थ निघतो. राज्यसभेला तिशी पूर्ण असावी लागते. तिथे काय लागतं, त्याबद्दल कायदा गप्प आहे.

आपला मूळ दारूबंदी कायदा १९४९ सालचा, मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री असतानाचा. तो रद्द वगैरे झालेला नाही. नावातली मुंबई जाऊन महाराष्ट्र आला, एवढंच. म्हणजे तत्त्वतः आपण सगळे दारूबंदीत राहतो आणि तपशिलात पितो. पिण्यासाठी परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो, देशीचा दोन रुपयांना. कायद्याच्या भाषेत हा परवाना असतो आरोग्य राखण्यासाठी. शनिवारी रात्री कोरेगाव पार्कात जी झुंबड उडते, ती कायद्याच्या नजरेने बघितली तर ओपीडी आहे.

त्यातून आपलं राज्य असं की इथे बाटलीलासुद्धा निवडणूक लढवावी लागते. गावातल्या बायकांनी दुकान बंद करा म्हणून मागणी लावून धरली की रीतसर मतदान होतं. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं, उभी बाटली आणि आडवी बाटली. मला ही महाराष्ट्रातली सगळ्यात प्रामाणिक निवडणूक वाटते. निवडून आल्यावर उभी बाटली आडव्या गटात गेली, असं अजून कधी ऐकलेलं नाही.

पुण्यात या सगळ्यात भर पडली ती क्राफ्ट बिअरची. २००९ साली डूलालीने इथे राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी काढली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मुंढवा, बाणेर, कल्याणीनगर असं करत काचेमागे चकाकणाऱ्या स्टीलच्या टाक्या सगळीकडे दिसू लागल्या. तोवर पुणेकराला बिअर म्हणजे दोनच प्रकार ठाऊक होते, थंड आणि अजून थंड. आता जर्मन पद्धतीची गव्हाची, बेल्जियन पद्धतीची गव्हाची, करपवलेल्या सातूची काळी स्टाउट आणि कोकम घातलेलीसुद्धा मिळते. फ्लेवरचा हा शोध आपल्याकडच्या देशी दारूने, म्हणजे संत्र्याने, केव्हाच लावला होता. पण संत्र्याला बोर्डावर खडूने नाव लिहून मिळालं नाही आणि आजवर कुणी तिच्या सुगंधाबद्दल दोन वाक्यं बोललं नाही.

बोलणं हा या पेयाचा मुख्य घटक आहे. पाणी, सातू, हॉप्स, यीस्ट आणि बोलणं. १५१६ सालच्या बव्हेरियातल्या प्रसिद्ध फर्मानात पाणी, सातू आणि हॉप्स एवढ्याच तीन वस्तूंना परवानगी होती. यीस्टचं काम तेव्हा कुणाला नीट कळलेलं नव्हतं. बोलण्याचा उल्लेख राहिला, कारण तिथे पुणेकर नव्हते.

गेल्या विधानसभेच्या वेळची गोष्ट. मतदान २० नोव्हेंबर २०२४, बुधवारी, संध्याकाळी सहापर्यंत. कायद्याप्रमाणे मतदान संपायच्या वेळेआधीचे ४८ तास दारूविक्री बंद, आणि त्याच ४८ तासांत जाहीर प्रचारही बंद. म्हणजे सोमवारी १८ तारखेला संध्याकाळी सहा वाजता भोंगे आणि नळ एकाच ठोक्याला थांबणार. लोकप्रतिनिधित्व कायदा लिहिणाऱ्यांना माणसाच्या स्वभावाची खोल जाण असली पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींशिवाय चालत नाहीत, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा निरोप सकाळीच आला होता, "आज सहानंतर ड्राय. चार वाजता जमणे. सहाच्या आत ग्लासात." सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला या माणसाने एवढा नेमका अजेंडा कधी काढलेला नाही. आम्ही चौघं होतो. सेक्रेटरी, वीज मंडळातून निवृत्त झालेले अण्णा, माझा हिंजवडीतला भाचा (तो त्या दिवशी घरून काम करत होता, म्हणजे काय करत होता ते आता लक्षात आलंच असेल) आणि मी. आमच्यात बिअरमधलं फक्त भाच्याला कळतं. राजकारणातलं चौघांनाही कळतं.

दोन विषयांतला हा फरक मी तेव्हापासून बघत आलो आहे. बिअरवर मत द्यायचं तर आधी अभ्यास हवा, असं सगळे मानतात. चव माहीत नसेल तर माणूस गप्प बसतो, विचारतो, छोट्या ग्लासातून दोन घोट मागवून बघतो. भाच्याने त्या दिवशी पाच नमुने मागवले. एका लाकडी फळीवर पाच चिमुकले ग्लास ओळीने आले. त्याने प्रत्येक ग्लास उजेडासमोर धरला, फिरवला, हुंगला, घोट तोंडात घोळवला आणि मग पोऱ्याला विचारलं, "ही बॅच कधीची?" अख्ख्या मतदारसंघात एकाही उमेदवाराला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"मामा, ही हेफवाइझन. केळ्याचा वास येतोय?"

आला खरा. अगदी पिकलेल्या वेलची केळ्याचा.

"केळं घातलंय?" अण्णांनी विचारलं.

"नाही. केळं अजिबात नाही. यीस्टमुळे नुसता वास येतो."

"हां," अण्णा म्हणाले. "म्हणजे विकास."

दुसरी बेल्जियन. तीसुद्धा गव्हाची, पण हिच्यात धने आणि संत्र्याची साल. अण्णांनी एक घोट घेतला आणि आमच्या आजीच्या काढ्यात यापेक्षा फेस कमी असायचा, एवढंच सांगितलं. सेक्रेटरी मात्र वेगळ्याच प्रश्नात अडकले होते. गव्हाची एक असताना दुसरी कशाला?

"दोन वेगळी घराणी आहेत," भाचा म्हणाला.

"पण खरी कुठली?"

"दोन्ही खऱ्या."

"असं कसं? एक मूळ असणार, एक फुटून निघालेली असणार. चिन्ह कुणाकडे गेलं?"

त्या वर्षी प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, एकीकडे धनुष्यबाण तर दुसरीकडे मशाल, एकीकडे घड्याळ तर दुसरीकडे तुतारी वाजवणारा माणूस. लोकसभेला साताऱ्यात या तुतारीवाल्या माणसाशेजारी नुसती तुतारीही यंत्रावर होती. लोक तिला पिपाणी म्हणत. त्या अपक्षाला ३७ हजार मतं पडली आणि तुतारीवाला माणूस ३२ हजारांच्या आसपास मतांनी पडला. बिअरच्या यादीत निदान शेजारी अल्कोहोलचे टक्के लिहिलेले असतात.

तेवढ्यात बाहेर प्रचाराच्या तीन रिक्षा सिग्नलला एकाच वेळी अडकल्या. तिन्हींवर भोंगे, तिन्हींवर वेगळी गाणी, आणि तिन्ही गाण्यांचा ठेका एकाच गाजलेल्या चित्रपटगीतावरून उचललेला. दोन मिनिटं कुठल्या रिक्षेतला उमेदवार कर्तव्यदक्ष, कुठला लाडका आणि कुठला भावी, काही कळेना. चालकांच्या चेहऱ्यावर मात्र कुठल्याही पक्षाचा आनंद नव्हता. त्यातला एक खाली उतरून दुसऱ्याकडे तंबाखू मागत होता आणि दुसऱ्याने ती पुडीसकट दिली. इतकी निखळ युती मी त्या पंधरवड्यात दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

"किती दिवसांत तयार होते रे ही?" अण्णांनी टाक्यांकडे बोट दाखवून विचारलं.

"एल असेल तर दोन-तीन आठवडे. लागरला जास्त, ती थंडीत सावकाश आंबते."

अण्णांनी हिशेब केला. उमेदवारी मागे घ्यायची मुदत ४ तारखेला संपली, आज १८. चौदा दिवस. "म्हणजे प्रचार सुरू झाला त्या दिवशी टाकीत घातलेली आज जेमतेम प्यायला येणार, आणि नेमकं आजच बंद?"

"टाकीत आंबायचं चालूच राहतं, अण्णा. यीस्टला आचारसंहिता नसते."

मग आयपीए आली. भाच्याचं हे दैवत. इंग्लंडातून जहाजाने हिंदुस्थानात यायची म्हणून हिचं नाव इंडिया पेल एल. इथल्या गोऱ्यांसाठी अठराव्या शतकापासून लंडनच्या हॉजसनसारखे लोक ती बोटीवर चढवत. हॉप्स भरपूर, म्हणून कडू आणि टिकाऊ. नावात इंडिया, माल विलायतेचा, पिणारे साहेब, आणि आज त्यातले बरेचसे हॉप्स जर्मनी-अमेरिकेतून येतात. सेक्रेटरींना हे ऐकून एका उद्योगाची आठवण झाली, पण त्यांनी नाव घेतलं नाही. शेजारच्या टेबलावर कोण बसलंय ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या फेरीनंतर पुणेरी टेबलावर एक अवस्था येते. तेव्हा विषय दोन असतात पण वाक्यं एकाच साच्यातून निघू लागतात. हा संवाद मी जसाच्या तसा देतो. यातलं कुठलं वाक्य कशाबद्दल होतं, ते मला तिथे बसूनही सांगता आलं नसतं.

"सुरुवातीला गोड वाटते, मागाहून कडू."

"सगळ्यांचं तेच. मागची तर उतरायलाच पाच वर्षं लागली."

"फेस फार आहे."

"फेस असायचाच. खाली किती आहे ते बघा."

"मिश्रण जमलेलं नाही. तिन्ही चवी वेगवेगळ्या लागतात."

"पण स्थिर आहे ना?"

"थंड आहे तोवर."

बिअर आणि निवडणूक या जोडीचं गावाकडचं रूप अर्थात वेगळं. तिथे ढाब्यावर जेवण, रस्सा, आणि त्याबरोबर जे काही असेल ते उमेदवाराच्या नावावर. मतासाठी दारू पाजणं ही कायद्याने लाच आहे, आणि कायद्याने लाच असलेल्या सगळ्या गोष्टींप्रमाणे ती सर्वांना वेळापत्रकासह माहीत असते. पण आजवर एकाही उमेदवाराने क्राफ्ट बिअर वाटल्याचं ऐकिवात नाही. कारणं व्यावहारिक आहेत. ती सतत थंड ठेवावी लागते, लवकर उतरते, आणि मुख्य म्हणजे समजावून सांगावी लागते. पहाटे दोनला वस्तीत शिरलेला कार्यकर्ता दार वाजवून "दादा, हिच्यात लिंबाच्या सालीचा गंध येईल बघा, पण सहा अंशांच्या वर जाऊ देऊ नका, आणि शेवटी थोडासा पाइनचा भास" असं सांगतोय, तेवढ्यात भरारी पथक येऊन त्याला धरून नेईल. क्वार्टरला भाषण लागत नाही. तीच तिची राजकीय ताकद.

आमच्या टेबलावर मात्र भाषण सुरू झालं होतं. विषय रेवडी. लाडक्या बहिणीचे दीड हजार जुलैपासून सुरू झाले होते. आता सत्ताधारी म्हणत होते एकवीसशे करू, विरोधक म्हणत होते तीन हजार देऊ. सेक्रेटरींचा याला मुळातूनच विरोध. फुकटाने माणूस आळशी होतो, तिजोरी रिकामी होते, कर आम्ही भरायचा आणि मतं त्यांनी घ्यायची. मुद्दे नवीन नव्हते, पण आवाज नवीन होता. तिसऱ्या ग्लासाचा आवाज.

इथे एक तपशील सांगायला हवा. आम्ही चार वाजता जमलो, याला ड्राय डेबरोबर आणखीही एक कारण होतं. सोमवार ते गुरुवार, चार ते सात, एकावर एक फ्री. सेक्रेटरींनी निरोपात हे लिहिलं नव्हतं, पण दारात बोर्ड दिसताच त्यांच्या चालीत जो फरक पडला तो मी पाहिला. एक पिंट साडेचारशेच्या आसपास, त्यावर दहा टक्के व्हॅट (तो आधीच्या वर्षी पाचाचा दहा झाला, यावरही त्यांचं स्वतंत्र भाषण आहे). चौघांचं चकली, चिकन आणि चार ग्लासांचं बिल, फुकटचे ग्लास वजा जाता, साडेतीन हजारांच्या खाली येणार नव्हतं. म्हणजे दोन बहिणींचा महिना आणि वर भाऊबिजेची ओवाळणी. हे मी मनातच धरलं. मोठ्याने बोललो असतो तर बिल माझ्यापुढे सरकवलं गेलं असतं.

सेवेला होता तो मुलगा पंचविशीचा, परभणीकडचा. आल्यापासून त्याने आमच्यासाठी पाच नमुने, आठ ग्लास आणि तीन वेळा चटणी आणली होती. आम्ही मराठवाड्याच्या जागांचं भाकीत करत होतो, आरक्षण, सोयाबीनचा भाव, दुष्काळ, सगळं कोळून झालं होतं. मराठवाड्याचा माणूस चटणी घेऊन तीनदा येऊन गेला, तरी त्याला काही विचारावं असं कुणाला सुचलं नाही. शेवटी अण्णांनीच विचारलं, तेही त्याने सांगितलं म्हणून.

"काका, लास्ट ऑर्डर सांगून ठेवा. मला पण आज लवकर निघायचंय. गावी चाललोय मतदानाला."

"एवढ्या लांब? तिकिटाला किती पडतात?"

"तिकीट कशाला? ट्रॅव्हल्स लावल्यात ना. सगळ्या पोरांना न्यायला गाड्या आल्यात मार्केट यार्डापाशी."

"कुणाच्या गाड्या?" सेक्रेटरी सावध झाले.

"दोघांच्या पण आहेत, सर. जाताना एकाच्या गाडीनं जाणार, येताना दुसऱ्याच्या."

टेबलावर थोडा वेळ शांतता पसरली. मतदारांना वाहनं पुरवणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे, हे सेक्रेटरींनी सांगून टाकलं. मुलाने मान डोलावली. कायदा चांगला आहे अशा अर्थाने डोलावली असावी.

"मग मत कुणाला देणार?" अण्णा म्हणाले.

"गुप्त असतं ना ते, काका."

आणि हे तो इतक्या अदबीने म्हणाला की आम्हाला शाळेच्या नागरिकशास्त्राच्या बाईंनी पकडल्यासारखं झालं. त्याच्या आईला दीड हजार मिळतात का, हे विचारायचं सेक्रेटरींच्या ओठावर आलं होतं. मिळतात, त्याने आपणहून सांगितलं, दिवाळीच्या आधी दोन महिन्यांचे एकदम आले, त्यातून तिने शिलाई मशीनची मोटर बसवून घेतली. आळशी होण्याचा मार्ग म्हणून मोटर बसवणं कितपत योग्य, यावर टेबलाला लगेच मत देता येईना.

मग विषय आमच्या मतदानाकडे वळला, आणि तो कुणी वळवला ते कळलं असतं तर त्याला पुढच्या वेळी बोलावलं नसतं. भाच्याचं नाव अजून नागपूरच्या यादीत. नागपूरला जायचं तर सुट्टी एकच, आणि बुधवारची. सेक्रेटरींनी बुधवारला मंगळवार जोडून महाबळेश्वरचं बुकिंग केलं होतं, पण सकाळी लवकर मत देऊन निघता येईल का ते बघणार होते. बुकिंग मंगळवारपासूनचं आहे, हे अण्णांनी दाखवून दिलं. अण्णा स्वतः १९८० पासून एकही निवडणूक चुकवलेली नाही असं सांगतात आणि दर वेळी नोटाला शिव्या घालतात. २०१३ मध्ये ते बटण आलं तेव्हापासून त्यांचं म्हणणं असं की नोटा म्हणजे झिरो अल्कोहोल बिअर, बिल सगळं लागतं आणि होत काहीच नाही. माझं केंद्र घरासमोरच्या शाळेत आहे. मला कारण सापडत नव्हतं, म्हणून मी चकली घेतली.

पावणेसहा झाले. बाहेर रिक्षांचा शेवटचा जोर लागला होता. कुणी तरी दोनशे मोटारसायकली घेऊन निघालं होतं आणि आत सगळ्या टेबलांवरून एकदम हात वर होत होते. नळापाशी उभा असलेला माणूस दोन्ही हातांनी भरत होता. प्रचाराची आणि पिण्याची शेवटची पंधरा मिनिटं एकसारखीच दिसतात. कुणालाच चव बघायला वेळ नसतो.

सेक्रेटरी परत रेवडीवर आले होते. बहिणीच्या मोटरने त्यांच्या विचारांत थोडा खंड पडला होता, तो भरून काढायचा होता. "मी वैयक्तिक कुणाबद्दल बोलत नाही," ते म्हणाले, "पण जोपर्यंत हे फुकट वाटप पूर्णपणे बंद होत नाही, तोपर्यंत या राज्याचं..."

"सर," मुलगा वाकून म्हणाला, "तुमचे चार फ्री राहिलेत. सहाला दहा कमी आहेत. आणू का?"

"आण ना! चारही आण," सेक्रेटरी म्हणाले. "आणि ऐक, ती काळी स्टाउट दे चारही."

"फ्री फक्त गव्हाच्या बिअरवर आहे, सर."

"असं कसं? बाहेर बोर्डावर तर सरसकट लिहिलंय!"

"खाली बारीक अक्षरात अटी आहेत, सर."

"अटी?" सेक्रेटरी उठून उभे राहिले. "आधी सरसकट म्हणायचं आणि मग अटी घालायच्या? बोलव तुझ्या मॅनेजरला. हा आमचा हक्क आहे!"